दोष हाताचा की जागेचा

थापड मारल्याशिवाय न बोलणारा पहिला रेडिओ परत आला तो रिसोडहून. दुकानदार स्वतः तो पिशवीत घालून एस.टी.नं वाशीमला आला, कारखान्याच्या टेबलावर ठेवला आणि बटण फिरवलं. रेडिओ मुका. मग त्यानं उजव्या अंगानं एक थापड दिली, तसा आतला माणूस कापसाचे भाव सांगू लागला. अकोल्याचा भाव सांगून झाला, खामगावचा सांगायच्या आत पुन्हा गप्प.

"पाहा माणिकराव," दुकानदार म्हणाला, "गिऱ्हाईक मले म्हणते, रेडिओ देल्ला का अडेल बैल देल्ला? हाणल्याबिगर उठत नाई."

टेबलांवर बसलेल्या बाया खुदकन हसल्या. भागिरथा पडघान तेवढी हसली नाही. तिनं रेडिओ पुढ्यात ओढला, मागचं झाकण उघडलं आणि आतल्या पट्टीवर वाकून बघत बसली.

कारखाना म्हणजे जुन्या जिनिंगच्या आवारातली एक लांबट टिनाची शेड. माणिकराव इंगोले लष्करात रेडिओ दुरुस्तीच्या कामावर होते. तिथून सुटून गावी आले आणि सत्तर-एकाहत्तर साली त्यांनी ही सहकारी संस्था उभी केली. पुण्याची एक कंपनी सुटे भाग पाठवायची. इथल्या बाया ते सर्किटच्या पट्टीवर बसवून, सोल्डरिंगचं आयर्न तापवून, कथलाच्या तारेनं जोडायच्या. तयार ट्रान्झिस्टर कंपनीच्या नावानं विकले जायचे. जोडाला बाया 'टाका' म्हणत. गोधडीचा टाका तसा रेडिओचा टाका. टाका पक्का बसला तर चांदीच्या थेंबासारखा चमकतो. कच्चा राहिला तर वरून बसल्यासारखा दिसतो, पण आतून धरत नाही. जरा हादरा बसला की सुटतो, थापड मारली की पुन्हा चिकटतो. रिसोडच्या रेडिओत तेच झालं होतं.

भागिरथा मूळ अनसिंगची. बापाला वीतभर जमीन नव्हती, पण छप्पन साली धम्म घेतल्यावर त्यानं दोन्ही पोरींना शाळेत घातलं आणि गावानं नावं ठेवली तरी सातवीपर्यंत काढलं नाही. नवरा ग्यानबा रेल्वेत गँगमन. वाशीमला रुळाकाठच्या क्वार्टरमध्ये संसार. माणिकरावांनी शिकवलेल्या पहिल्या बायांमधली ती पहिली. हात असा चालायचा की दुसरी बाई तार उचलेपर्यंत हिचा टाका देऊन झालेला असायचा. म्हणून शेडमधली एकुलत्या एका मोठ्या खिडकीजवळची जागा तिची. टिनाखाली चैत्र-वैशाखात जीव उकडून निघायचा. खिडकीशी बसणाऱ्याला तेवढा वारा. ती जागा कोणी तिला दिली नव्हती आणि कोणी तिच्याकडून मागितलीही नव्हती. ती तिचीच, हे सगळ्यांनी धरून चाललेलं.

रिसोडच्या पाठोपाठ मालेगावहून दोन रेडिओ आले, मग मंगरूळपीरहून, मग पुण्याहून अख्खं खोकं. सोबत कंपनीचा माणूस. त्यानं आरडाओरडा केला नाही, चहा घेतला आणि शांतपणे म्हणाला, "पुढच्या मालातही हेच निघालं तर आम्हाला काम दुसरीकडे द्यावं लागेल."

तो गेल्यावर माणिकरावांनी सगळ्यांना जे होतं ते सांगितलं. प्रत्येकीला आपलं घर दिसलं. नवरा दारू पिणारा अशी एक होती, नवरा नसलेली होती, दोन एकर कोरडवाहूवर सहा तोंडं असलेली होती. ही शेड बंद पडली तर पुन्हा निंदणं-खुरपणं, ते मिळालं तर.

आणि मग सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच बाजूला वळल्या.

त्या बाजूला, भिंतीकडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, मोतीबाई राठोड बसली होती. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची. दिवाळीनंतर तांडा नेहमीसारखा कामाला बाहेर निघाला, पण तिचं लेकरू आजारी होतं म्हणून ती वाशीमला बहिणीकडे राहिली आणि होळीनंतर इथे कामाला लागली. सगळ्यांत नवी. बोलायची कमी. मराठी यायची, पण आपल्या बोलीची ठेच लागत लागत.

"होळीच्या आंधी एक तरी रेडिओ वापस आलता का?" रंगूबाई म्हणाली. रंगूबाई वयानं मोठी, तोंडानं फटकळ. "हे आली अन् हे सुरू झालं. आता काय पंचांग पाहाचं हाये?"

मोतीबाईनं मान वर केली नाही. तिच्या हातातली तार मात्र थांबली.

खरं सांगायचं तर भागिरथालाही तेच वाटत होतं. मोतीबाईचा हात सावकाश चालायचा. आयर्न पट्टीवर टेकवून ती इतकी वाट बघायची की भागिरथाला बसल्या जागी चुळबुळ व्हायची. सावकाश म्हणजे कच्चं, असं तिच्या मनात बसलं होतं.

माणिकरावांनी तिला बाजूला बोलावलं. "भागिरथाबाई, तुमी शिकवलं तिले. ठेवाची का काढाची, तुमीच सांगा."

भागिरथा तेव्हाच 'काढा' म्हणून मोकळी झाली असती. पण तिला आपलं दप्तर आठवलं. लहानपणी अनसिंगच्या शाळेत कोणाचीही पेन्सिल हरवली की आधी तिचं दप्तर झडायचं. पेन्सिल सापडायची भलत्याच ठिकाणी. पण झडती तिचीच.

"भाऊ, असं तोंडावरून नाई सांगता येत," ती म्हणाली. "मोजून पाहू. कच्चे टाके कोणाचे, ते दिसलं पायजे. मंग काढा."

माणिकरावांना हे पटलं. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये बिघडलेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधत. महिन्याच्या शेवटी चिठ्ठ्या वेगळ्या केल्या की कुठे चुकतंय ते आपोआप कळायचं. ते चिठ्ठ्या कापायला बसलेही. पण निम्म्या बायांना अक्षरओळख नाही, आणि ज्यांना होती त्या स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावायला कचरत होत्या.

"चिठ्ठी कायले?" भागिरथा म्हणाली. "ज्याचा त्याचा दोरा बांधा. पट्टीच्या कोपऱ्यात भोक हायेच."

रंगीत दोरे कुठून आणायचे, हा प्रश्न निघायच्या आत मोतीबाई कोपऱ्यातून उठली. कमरेच्या पिशवीतून तिनं दोऱ्यांची गुंडाळी काढून टेबलावर ठेवली. ओढणीवर भरतकाम करायचे दोरे, शेडमधल्या आठ बायांना पुरतील असे आठ रंगांचे. हा सगळा खटाटोप कोणाला पकडायला चालला आहे, हे तिला कळलं नव्हतं असं नाही. तरी तिनं दोरे ठेवले आणि जागेवर जाऊन बसली. भागिरथानं लाल घेतला. मोतीबाईच्या वाट्याला हिरवा आला.

आता रेडिओ दुकानात जाऊन बिघडायची वाट बघत बसायला वेळ नव्हता. त्यावर माणिकरावांनी उपाय काढला. स्टेशनवर माल पोचवणाऱ्या पुंजाजीची बैलगाडी होती. तयार रेडिओ कडब्यात घालून त्याच्या गाडीवर ठेवायचे आणि गाडी नाल्याकाठच्या दगडगोट्यांच्या वाटेनं फिरवून आणायची. पुंजाजीला आधी वाटलं आपली थट्टा चालली आहे. "रेडिओले हवा खाऊ घालून राह्यले का?" तो म्हणाला. पण भाडं मिळतंय म्हटल्यावर त्यानं गाडी अशी हाकली की सुटायचा असेल तो टाका तिथल्या तिथे सुटावा.

परत आल्यावर एकेक रेडिओ लावायचा. बोलला तर बाजूला. मुका राहिला तर झाकण उघडून दोरा बघायचा आणि त्या रंगाच्या गाडग्यात तुरीचा एक दाणा टाकायचा. आठ गाडगी, प्रत्येकाच्या गळ्यात आपापला दोरा, दारालगतच्या फळीवर. जाता-येता सगळ्यांना दिसतील अशी.

तो आठवडा शेडमध्ये कोणी मोठ्यानं बोललं नाही. दाणा गाडग्यात पडला की टक्‌ असा आवाज व्हायचा आणि आठही बाया न बघता कान द्यायच्या.

आठवड्याच्या शेवटी माणिकरावांनी गाडगी टेबलावर उपडी केली. कोणाचे दोन-चार दाणे, कोणाचे पाच-सहा. मोतीबाईचा एक. आणि लाल दोऱ्याच्या गाडग्यातून मूठभर तूर घरंगळली.

रंगूबाईनंच तोंड उघडलं, "दोरे बदलले असतीन. भागिरथेचा हात असा असूच शकत नाई."

"दोरे मीच बांधले," भागिरथा म्हणाली. इतकी लाज तिला लग्नात आलेल्या पाहुण्यांना जेवण कमी पडलं तेव्हाही वाटली नव्हती. ती उठली, पदरानं टेबल पुसलं आणि घरी गेली.

संध्याकाळी ग्यानबा जेवायला बसला तेव्हा तिनं ताट वाढलं आणि समोर बसून राहिली.

"जेवत नाई का?"

"मी काम सोडते म्हणते," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं. दोरे, दाणे, मूठभर तूर. "मी त्या बाईले चोर समजली, अन् चोर माह्याच घरात निंगाला."

ग्यानबानं भाकरीचा तुकडा मोडला. तो बोलायचा तो कामाचंच. "आमच्या लाइनीवर," तो म्हणाला, "नाल्याच्या पुलाआंगं एक जागा हाये. दर पावसाळ्यात तेथचा रूळ दबते. पयले सायेब गँगले शिव्या दे. म्हणे, तुमाले खडी ठोकता येत नाई. त्यानं आमची गँग काढून दुसरी लावली. तरी रूळ दबलाच. मंग खणून पाह्यलं, त खाली काळी माती. पाणी पडलं का फुगे, वाळली का बसे." त्यानं भाजीला हात घातला. "तू त गँग मोजली. जागा कोठी मोजली?"

भागिरथा उठली आणि स्वतःला वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं माणिकरावांना गाठलं. "भाऊ, एक डाव बाया इकळच्या तिकळे बसवून पाहू. माहा दोरा माह्यासंगंच राहू द्या. मी मोतीबाईच्या कोपऱ्यात जाते, ती माह्या खिडकीत येईन."

माणिकरावांनी कपाळावर हात मारून घेतला. "चिठ्ठ्या सुचल्या, हे नाई सुचलं मले," ते हसून म्हणाले.

मोतीबाईला मात्र हसू आलं नाही. खिडकीजवळ बस म्हटल्यावर ती दोन पावलं मागे सरली. "मले तेथ बसवून मंग काढता का, बाई? माहा एकच दाना निंगाला. आता जास्ती निंगले त म्हनसान, पाहा, हिचाच हात खराब."

भागिरथानं तिच्या दंडाला हात लावला. "तुले काढाची पाळी आली त आंधी मी जाईन. सगळ्यायच्या देखत सांगून राह्यली."

मोतीबाईनं तिच्या डोळ्यांत नीट बघितलं, पट्ट्यांची टोपली उचलली आणि खिडकीशी जाऊन बसली.

पुंजाजीची गाडी पुन्हा नाल्याकाठानं धावू लागली. फळीवर दाण्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. पण आता तो हिरव्या दोऱ्याच्या गाडग्यातून येत होता. लाल गाडगं जवळजवळ रितं. मोतीबाईचा चेहरा पडत चालला, तशी भागिरथा तिला दुरून खूण करायची, 'राहू दे, राहू दे.' पुढच्या खेपेला तिनं रंगूबाईला खिडकीत बसवलं. रंगूबाई म्हणाली, "माह्या हातचा टाका सुटते कसा ते पाहातेच." आणि रंगूबाईचं गाडगं सगळ्यांच्या वर गेलं.

आता कोणाला काही सांगायची गरज उरली नाही. खिडकीत बसेल तिचा टाका कच्चा. पण का?

माणिकरावांना वाटलं, तिथला प्लग खराब. त्यांनी वायर बदलली, प्लग बदलला. दाणे तितकेच. मग वाटलं आयर्न जुनं आहे. दुसरं आणलं. तरी तेच. दुपारी बल्ब पिवळा पडतो, विजेचा जोर कमी होतो, हे खरं. पण मग सगळ्याच टेबलांवर दाणे वाढायला हवेत. माणिकराव खिडकीजवळ उभे राहून हनुवटी खाजवू लागले. भागिरथाही विचार करून थकली.

दुपारच्या सुटीत सगळ्या भाकरी सोडून बसल्या असताना मोतीबाई एकदम म्हणाली, "तेथ धूर उभा राह्यत नाई."

"कोनता धूर?"

"टाक्याचा." तिनं बोटानं हवेत रेघ ओढली. "माह्या कोपऱ्यात धूर सीधा वर जाते. खिडकीत बसली त आडवाच पळे. हवा हाये न. आमी तांड्यावर बाहेर चूल मांडतो, त तीन बाजूनं दगड लावतो. नाई लावले त लाकडं जळते, पन भाकर कच्ची राह्यते."

भागिरथानं खिडकीकडे पाहिलं. होळीच्या आधी ती खिडकी बंद असायची, थंडी म्हणून. होळीनंतर उघडली, उकाडा म्हणून. आणि त्याच सुमारास मोतीबाई आली. दोन गोष्टी एका वेळी झाल्या होत्या. सगळ्यांनी त्यातली एकच पाहिली, कारण ती माणूस होती.

माणिकरावांनी तिथल्या तिथे आयर्न लावलं. खिडकी उघडी ठेवून तार टेकवली. तार कितीतरी वेळानं वितळली. कवाड लावून घेतलं. तार लोण्यासारखी वाहिली. आधीच विजेचा जोर कमी, त्यात वाऱ्यानं आयर्नचं टोक निवायचं. त्या आठवड्याचा माल खिडकी बंद ठेवून केला. गाडी फिरून आली, रेडिओ लावले, आणि खिडकीतल्या बाईच्या गाडग्यात दोनच दाणे पडले.

त्या दिवशी रंगूबाई मोतीबाईजवळ जाऊन बसली. माफी वगैरे तिच्या जिभेवर येणारी नव्हती. तिनं आपल्या डब्यातली मिरचीची भाजी तिच्या भाकरीवर घातली आणि म्हणाली, "खाय व. तिखट हाये, पन कच्ची नाई." मोतीबाई त्या शेडमध्ये पहिल्यांदा मोकळी हसली.

एवढ्यावर सगळं आटोपलं असं मात्र नव्हे. खिडकी बंद केली तर शेडची भट्टी झाली. एका बाईला भोवळ आली. मग माणिकरावांनी खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला फळ्या ठोकल्या, वरचा भाग उघडा ठेवला, टिनावर तुराट्या अंथरून घेतल्या आणि टेबलांवर पुठ्ठ्याचे आडोसे उभे केले. त्यातही भागिरथाच्या मनाला लागलेली एक गोष्ट उरलीच. सगळं नीट झाल्यावरही तिच्या गाडग्यात मोतीबाईपेक्षा एक-दोन दाणे जास्तच पडत. ती मोतीबाईच्या शेजारी स्टूल टाकून बसली आणि बघत राहिली. मोतीबाई टाका दिल्यावर आयर्न लगेच उचलत नव्हती. कथील चमकून पसरेपर्यंत थांबत होती. भागिरथाला जो आळस वाटला होता, त्यातच टाक्याचा पक्केपणा होता. तिनं आपला वेग थोडा कमी केला. सवय मोडायला पावसाळा उजाडला, पण मोडली.

पुढचा माल पुण्याला गेला. बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका सकाळी कंपनीचा तोच माणूस न कळवता आला. बाया धास्तावल्या. त्यानं मात्र पिशवीतून पेढे काढले. सबंध खोक्यातून एकच रेडिओ परत आला होता, आणि तो गिऱ्हाइकाच्या हातून विहिरीत पडलेला. काम काढून घ्यायचा विषय संपला. उलट वाढीव मागणी आली. फळीवरची गाडगी पाहून त्यानं विचारलं, "हे काय?" माणिकरावांनी भागिरथाला पुढे केलं. ती आधी अडखळली, मग दोरा, गाडी, दाणा, जागा बदलणं, सगळं सांगत गेली. त्यानं मध्ये कुठेही टोकलं नाही. फक्त शेवटी म्हणाला, "आमच्याकडे याचे तक्ते काढतात. पण ते साहेबांच्या खोलीत टांगलेले असतात. तुमच्यासारखे दारात नाहीत."

पुढे भागिरथा तपासणीच्या कामावर गेली. गाडग्यांनी आणखी बरंच काही दाखवलं: एकदा बाहेरून आलेल्या बटणांचा अख्खा डबाच खराब निघाला, एकदा एक बाई चष्म्यावाचून काम करत होती आणि कोणाला सांगत नव्हती. तिला चष्मा करून दिला. दाणे दिसले की आधी 'कोण' नव्हे, 'कुठं' आणि 'कधी' विचारायचं, अशी शेडची रीतच पडली. अकोल्याला दुसऱ्या संस्थांच्या लोकांपुढे बोलायला भागिरथाला दोनदा बोलावलं. पहिल्या वेळी ग्यानबा रजा काढून सोबत गेला आणि मागच्या बाकावर बसला. ती मंचावरून उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, "आवाज मागंपर्यंत येत होता."

अठ्ठ्याहत्तर साली काम इतकं वाढलं की शेड पुरेना. मानोऱ्याला एक छोटं केंद्र काढायचं ठरलं, आजूबाजूच्या तांड्यांवरच्या बायांसाठी. ते मोतीबाईनं सांभाळावं असं भागिरथानं सुचवलं आणि कोणी हरकत घेतली नाही, रंगूबाईनंही नाही.

जागा बघायला दोघी एस.टी.नं मानोऱ्याला गेल्या. खोली चांगली होती, तीन बाजूंनी भिंत, उजेड उत्तरेचा. मोतीबाई मात्र उंबऱ्यात उभी राहून विचार करत होती.

"काय व? पसंत नाई?"

"खोली चांगली हाये, बाई. पन तांडा दिवाळीनंतर निंगते कामाले, ते होळीनंतर, कधी त्याच्याबी मागून वापस येते. तेव्हा इथं टेबलावर कोन बसन? तुमी म्हनसान, बाया टिकत नाई."

भागिरथा उंबऱ्यावर बसली. जुनी भागिरथा असती तर म्हणाली असती, 'ज्याले काम पायजे त्यानं थांबावं.' ती म्हणाली, "पुण्याले सांगून पाहू. जास्तीचं काम पावसाळ्यात द्या, हिवाळ्यात कमी. त्यायले सालाचा माल पायजे, महिन्याचा नाई."

"ऐकतीन?"

"नाई ऐकलं त पुन्हा विचारू. दोन हंगामाचा हिसाब दाखवून विचारू."

मोतीबाई तिच्या शेजारी टेकली. समोरच्या वाटेनं बाया डोक्यावर सरपण घेऊन तांड्याकडे निघाल्या होत्या. त्यातल्या एकीला मोतीबाईनं आपल्या बोलीत हाक मारली. ती थांबली, मोळी उतरवली आणि ही कसली खोली आहे ते विचारायला दोघींकडे चालत आली.